विलायती गोळ्यांच्या बरणीतला समुद्र

माझं लग्न जमवताना मामा एक शब्दही खोटं बोलले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. सासऱ्यांनी विचारलं, "गोंदियाकडे पाणी आहे ना जवळ?" मामा म्हणाले, "पाणी? अहो, तळीच तळी आहेत." सासरे देवगडच्या बाजूचे, जन्म खाडीवर गेलेला. पाणी म्हणजे कुठलं पाणी, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी मुलगी देऊन टाकली.

मी तेव्हा रेल्वेत तिकीटबाबू होतो. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. बायको आली त्याच आठवड्यात मी तिला हौसेनं तळं दाखवायला नेलं. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याला ओहोटी कधी?" मी म्हणालो, "मार्चात." त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पहिल्या दिवाळीला तिचा भाऊ आला, तो रॉकेलच्या दोन डब्यांत समुद्राचं पाणी भरून. बोट, मोटार, दोन आगगाड्या, असं करत ते पाणी आमच्या दारात आलं. त्यात मूठभर वाळू, पाच समुद्री गोगलगाई आणि तीन खेकडे. हे खेकडे भलते नमुनेदार. यांच्या पाठीमागचं अंग मऊ, म्हणून दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घुसून बसतात आणि तोच पाठीवर घेऊन हिंडतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मला त्यांच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली.

बाजारातल्या दुकानदाराकडून विलायती गोळ्यांची एक मोठी काचेची बरणी मागून आणली आणि तिच्यात हा सगळा प्रपंच मांडला. भाऊ परत गेला त्या दिवशी बायको बरणीशेजारी बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "हे इथं जगले तर मीही जगेन. नाही जगले तर मला आईकडे पोचवा."

झालं. माझा संसार त्या दिवसापासून बरणीत गेला.

पाण्याला हवा लागते असं कुणीतरी सांगितलं. मग मी रोज सकाळी सायकलचा पंप घेऊन बरणीसमोर उकिडवा बसायचो आणि नळीचं टोक बुडवून शंभर वेळा दट्ट्या मारायचो. ऊन वाढलं की पाणी आटायचं आणि खारट व्हायचं. त्यात विहिरीचं पाणी किती घालायचं, याचं माप फक्त बायकोच्या जिभेवर. ती बोट बुडवून चाखायची आणि म्हणायची, "अजून वाटीभर." पुढे मलाही ती चव कळायला लागली. एकदा स्टेशनवर चहा घेताना मी सवयीनं म्हणून गेलो, "अजून वाटीभर हवं." गार्डसाहेब माझ्याकडे पाहतच राहिले.

पहिल्या महिन्यात एक गोगलगाय गेली. उरलेल्यांच्या काळजीनं माझं जेवण सुटलं. तशात एका सकाळी पाहतो तर एक खेकडा शंखाबाहेर पसरलेला, नांग्या, पाय, मिशा, सगळं जिथल्या तिथं आणि हालचाल शून्य. बायको अंघोळीला गेली होती. मी ते प्रेत रद्दीच्या कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घातलं आणि स्टेशन गाठलं. दिवसभर तिकिटं फाडली आणि दिवसभर तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली. संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तोच ती म्हणाली, "त्याची कात कुठं टाकलीत? तो ती खातो. उपाशी ठेवलात बिचाऱ्याला." तिन्ही खेकडे बरणीत फिरत होते. मी खिशातून पुडी काढून दिली. तिनं ती उलगडून कात पाण्यात सोडली.

आमची घरमालकीण म्हातारी होती, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, राखून असलेली, मनानं मोठी आणि तोंडानं फटकळ. ती रोज दारातून बरणीकडे बघायची आणि मान हलवायची. "काऊन वो बाई, निसतं मिठाचंच पानी? सडून जाईन ना." आम्हाला वाटलं, तिला जिवांची काळजी आहे. बायकोनं हसून सांगितलं, "नाही सडत हो, मी रोज चाखते." म्हातारीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी दया दिसली, तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

एका रविवारी आम्ही गोंदियाजवळच्याच गोरेगावला ओळखीच्यांकडे बारशाला गेलो. किल्ली म्हातारीकडे. परत येऊन पाहतो तर बरणी पिवळीधमक. वर बोटभर तेल, तेलावर मोहरी, आणि तोंडाला स्वच्छ फडकं घट्ट बांधलेलं. आत कुणी हलत नव्हतं.

म्हातारी कौतुकानं पुढं आली. "म्या टाकून देल्ली हळद. खेकड्याचं लोनचं का असं घालतेत? तुले कोनी शिकवलंच नाई वाटते."

त्यानंतर जे भांडण झालं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. बायको तिच्या बोलीत, म्हातारी तिच्या. आमच्या घरात इतका मोठा आवाज प्रथमच निघाला होता. शेवटी ते पाळलेले होते, खायचे नव्हते, हे म्हातारीच्या डोक्यात शिरलं. ती म्हणाली, "पाळून राहिली होती? खेकडे?" आणि रडायला लागली. मग बायकोही रडली. मी सायकलचा पंप हातात धरून उभा होतो, तो का उचलला होता देव जाणे.

दोन दिवस चूल धड पेटली नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी गाडगं घेऊन आली. गाडग्यात बांधीतले काळे, ढब्बू खेकडे, जिवंत. "हे घे. हे बी खेकडेच होत." बायकोनं गाडग्यात डोकावून पाहिलं, बाह्या सावरल्या आणि त्यांचा झणझणीत रस्सा केला. लग्नानंतर तिला पोटभर जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हात धुऊन ती म्हणाली, "मला आईकडे जायचंय."

बोलल्याप्रमाणे वागणारी बाई. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पासाचा फॉर्म घेतला. बायकोचं नाव, वय, कुठून कुठे, सगळं भरलं. एक रकाना राहिला: एकेरी की परतीचा. ते विचारायचं धाडस होईना. मला ती हवी होती, आणि हे तिला आजवर मी एकदाही सांगितलं नव्हतं. पंप मारत बसलो होतो.

फॉर्म घेऊन घरी आलो. ती अंगणात बसून बरणीची हळद राखेनं घासत होती. खिडकीवर प्रवाशांना विचारतो तशाच कोरड्या आवाजात मी विचारलं, "एकेरी की परतीचा?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "परतीचा. पाणी काय तुमचा स्टेशनमास्तर आणून देणार?"

मी तिथंच ओट्यावर बसून तो रकाना भरला. अक्षर इतकं भयंकर आलं की साहेबांनी फॉर्म परत पाठवला आणि मला दुसरा भरावा लागला.