काढून टाकलेला दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. निम्मे म्हणतील, गॅरेजला नेतो. बाकीचे गाण्याचा आवाज वाढवतात आणि उद्यावर ढकलतात. पण आणखी एक प्रकारची माणसं असतात. ती दिवाच उपटून टाकतात आणि वहीत लिहितात, तक्रार दूर केली.

मीटरबाईला हे कळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांचा राग तिच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

मीटरबाई हे नाव तिला रस्त्याने दिलं. पेट्रोलपंपाच्या मागे तिची पत्र्याची शेड आहे आणि गळ्यात दोरीला व्होल्ट मोजायचा मीटर लटकलेला असतो. नवरा गाड्यांचं वायरिंग करायचा. हात सोन्याचा, पण लाल-हिरवा रंग त्याला ओळखता येत नसे. ही डबा घेऊन यायची आणि तासन् तास शेजारी बसून सांगायची, "ही लाल. ही नाही, ती. अहो, ती हिरवी आहे!" रंग सांगता सांगता कुठली वायर कुठे जाते ते डोक्यात बसलं. तो गेल्यावर तेराव्या दिवशी तिने शेडचं कुलूप काढलं. पहिल्या महिन्यात लोक गाडी घेऊन नाही, गंमत बघायला आले. आता नऊ वर्षं झाली. गंमत बघणारेच गाड्या घेऊन येतात आणि शिव्या खाऊन जातात.

तिचा दीर एका मोठ्या दवाखान्याची व्हॅन चालवतो. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं. सात महिन्यांत व्हॅनने तीन बॅटऱ्या खाल्ल्या. शेवटच्या वेळी ती भर पुलावर बंद पडली. मागे असलेल्या एक निवृत्त शिक्षिका दीड तास उन्हात तशाच पडून होत्या. दुसऱ्या दिवशी दिराच्या हातात पत्र पडलं:

"बाहेरील तज्ज्ञाने डायनॅमो दोन वेळा तपासून निर्दोष ठरवला आहे. सबब दोष चालकाचा. शुक्रवारी चारपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास कामावरून कमी करण्यात येईल."

तो बाहेरील तज्ज्ञ म्हणजे मीटरबाई! नऊ वर्षांत तिला कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. म्हटलं ते या कागदावर. बॅटरीला वीज भरणारा अल्टरनेटर, ज्याला रस्त्यावर सगळे डायनॅमोच म्हणतात, तो दवाखान्याच्या वर्कशॉपने दोनदा काढून तिच्याकडे पाठवला होता. दोन्ही वेळा तिने टेबलावर फिरवून बघितला आणि चिठ्ठीवर 'ठीक आहे' असं लिहून सही ठोकली होती. त्याच चिठ्ठ्या आता पत्राला जोडल्या होत्या.

घरात जावेने बोलणं टाकलं. स्वयंपाकघर एकच, दोघींचे हात एकाच डब्यात, पण मीठ मागायचं झालं तरी जाऊ भिंतीकडे बघून मागायची. "कुणाला तरी सांगा, मीठ हवंय म्हणून." आणि भिंत उत्तर देत नाही म्हणून आमटी अळणी.

शुक्रवारी सकाळी दीर व्हॅन घेऊन शेडमध्ये आला.

"वहिनी, डायनॅमो चांगला म्हणालात ना?"

"चांगलाच आहे. माझ्या टेबलावर चौदा व्होल्ट देतो, चौदा!"

"मग गाडीत का देत नाही? लाजतो का?"

"भावजी, तोंड बंद ठेवा आणि इंजिन चालू करा."

तिने मीटरची टोकं बॅटरीला लावली. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसायला हवं. आकडा बारावर बसून राहिला. म्हणजे बॅटरी नुसती खर्च होत होती, भरत नव्हती. तिने डायनॅमो फिरवणारा बेल्ट दाबून पाहिला. नवा, ताठ. टर्मिनल लखलखीत. फ्यूज शाबूत. डायनॅमोपासून बॅटरीपर्यंतची जाड वायर हातभर हातभर तपासली, बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर खरवडून परत घट्ट बसवली. आकडा बाराच.

"रेस करा. जोरात!"

इंजिन ओरडलं आणि आकडा टुणकन चौदावर गेला. इंजिन बंद करून परत चालू केलं. पुन्हा बारा.

तिने पाना जमिनीवर आपटला. तो उसळून बादलीला लागला. "माझ्या जिवावर उठलाय हा मेला!"

"वर्कशॉपचा मेकॅनिक चालवतो तेव्हा काही होत नाही," दीर हळूच म्हणाला. "म्हणूनच मी खोटा पडतो."

"तो कसा चालवतो?"

"पाठीला आग लागल्यासारखा."

"आणि तुम्ही?"

"मागे माणसं असतात, वहिनी. चार तास सुया टोचून पडलेली. खड्ड्यात आदळली की कळवळतात. मी आपला दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश." मग स्वतःची समजूत काढल्यासारखा म्हणाला, "त्यातल्या त्यात तो लाल दिवा तरी छळत नाही आता."

मीटरबाईचा हात थांबला. "कधीपासून?"

"पहिल्या बॅटरीपासून. तेव्हा बेल्ट सैल होता, दिवा सारखा लागायचा. पाच वेळा तक्रारवहीत लिहिलं. बेल्ट नंतर सर्व्हिसिंगला बदलला, पण दिवा वर्कशॉपवाल्यांनी आधीच बंद केला."

"बंद केला म्हणजे?"

ती धावत जाऊन सीटवर बसली आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. बॅटरीचा नाही. तो त्या वेळी लागायलाच हवा. चार स्क्रू काढून तिने डॅशबोर्डची पाटी पुढे ओढली. मागे बल्बची जागा रिकामी होती. नुसतं भोक.

ती हसली नाही. हसण्यासारखं काय होतं? अशा जुन्या गाडीत डायनॅमोला जागं करायला चिमूटभर करंट लागतो आणि तो त्या दिव्यातूनच जातो. दिवा काढला की डायनॅमो झोपलेला. जोरात पळवलं तरच स्वतःहून दचकून उठतो. आणि तिच्या टेबलावर? तिथे नवऱ्याने कधीकाळी जोडून ठेवलेला एक बल्ब आहे. तोच दोन्ही वेळा डायनॅमोला उठवत होता आणि ही बाई फुशारकीने सह्या करत होती.

"आम्ही पण शहाण्याच!" ती स्वतःलाच म्हणाली आणि डब्यातून शेंगदाण्याएवढा बल्ब शोधून काढला.

साडेतीनला दोघं दवाखान्याच्या आवारात. वाहन विभागाचे साहेब वरच्या खिडकीतूनच बोलले, "खुलासा लेखी द्या."

"लेखी मागून देते. आधी खाली या. नाही आलात, तर मीटर तुमच्या टेबलावर आणते, गाडीसकट."

आवारातले ड्रायव्हर गोळा झाले, तेव्हा साहेब उतरले. तिने बल्ब लावून चावी फिरवली. दिवा लागला. इंजिन चालू झालं, दिवा विझला, मीटरवर चौदा. मग इंजिन बंद करून बल्ब काढला आणि परत चालू केलं. बारा.

"एवढ्याशा बल्बने? मला वेड्यात काढताय का?"

"तुम्हाला मी कशाला काढू? परत दाखवते." आणि परत दाखवलं. तिसऱ्यांदाही दाखवलं. तिसऱ्यांदा ड्रायव्हर मोठ्याने आकडा वाचायला लागले, "बाऽऽरा!"

मग तिने तक्रारवही मागवली. दिराच्या अक्षरात पाच नोंदी, 'बॅटरीचा दिवा लागतो.' पाचवीखाली दुसऱ्या अक्षरात, 'दिव्याची तक्रार दूर केली.' त्याखाली न वाचता येणारी सही, नाव नाही.

"दिवा कुणी काढला?" तिने विचारलं.

साहेबांचं बोट त्या सहीवर होतं. ते उचललं गेलं नाही. "ते पाहू. गाडी चालली ना? झालं तर. पत्र मागे घेतो."

"'दोष चालकाचा' ही ओळ माझ्यासमोर खोडा."

ओळ खोडली. वर लिहिलं, 'तांत्रिक दोष'. कुणाचा, ते नाही लिहिलं. ती अर्धा तास भांडली. घसा बसला, पण त्या जागी नाव काही आलं नाही. शेवटी तिने आपल्या दोन्ही चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि त्यांवर लिहिलं, 'गाडीत न तपासता टेबलावर तपासला. चूक माझी.' सही केली आणि साहेबांकडे सरकवल्या. "हे असं लिहितात. अवघड नाही."

साहेबांनी चिठ्ठ्या फायलीत ठेवून फाईल मिटली.

दिराची नोकरी राहिली. घरी जाऊ भाजी ढवळत होती. तिने मान वर न करता हात पुढे केला, "मीठ द्या हो." भिंतीला नाही, हिला.

पण त्या वहीतली ती सही अजून तशीच आहे आणि ती कुणाची हे विचारायला मीटरबाईने केलेल्या तीन अर्जांना उत्तर नाही. तेव्हा तुम्ही एक करा. उद्या कुणाच्याही जुन्या गाडीत बसाल, तेव्हा इंजिन चालू होण्याआधी क्षणभर थांबायला सांगा आणि तो लाल दिवा लागतो का बघा. लागला नाही, तर ड्रायव्हरवर ओरडू नका. दिवा कुणी काढला ते वरच्या खिडकीत जाऊन विचारा, आणि नाव मिळेपर्यंत तिथून हलू नका.