सुप्याच्या शेडवरची जाळी

एक किस्सा मी आमच्या भावकीत निदान पन्नास वेळा सांगितला असेल. खरा मात्र एकदाही नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

तसा मी बोलघेवडा. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पोरं मला घेरतात. केस गेले, पोट सुटलं, जीभ तेवढी शाबूत आहे. धंदा नकाशे काढण्याचा — सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या शेडचे. आणि किस्सा माझ्या चुलतभावाचा. बबन छपरावरून कसा पडला, त्याचा.

कसा सांगतो मी तो? बबन्या वर पत्रे धुवायला गेला, त्याला शिडीनं उतरायचा कंटाळा आला, मग गडी थेट खालीच आला — इथं सगळे हसतात. त्यांनी हसावं म्हणूनच तिथं थांबतो मी.

आता उरलेलं. शेडच्या छपरात उजेडासाठी मधे मधे फायबरचे पत्रे असतात. धूळ बसली की ते लोखंडी पत्र्यांसारखेच दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. म्हणून खाली जाळी लावायची. ती मी नकाशात काढली होती — माझ्याच हातानं. मंजुरीच्या नकाशात ती आजही आहे. पण आमच्या धंद्यात नकाशे दोन असतात, एक सरकारी मंजुरीचा, एक साइटचा, ज्यावरून प्रत्यक्ष बांधतात. साइटचा नकाशा बघताना शेडचे मालक म्हणाले, "वर कोन जानार हाय हो? माकडं?"

मी हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. आणि जाळी पुसून टाकली.

भीती होती का त्यांची? छे. एक वाक्य बोललो असतो तर ऐकलंही असतं त्यांनी. पण रंगलेली बैठक मोडायचं माझ्या जिवावर आलं — एवढंच.

दोन पावसाळ्यांनंतर बबन वर गेला. काम मीच मिळवून दिलेलं. "दादाचं शेड हाय, भ्याव कशाचं," असं शिडी चढताना म्हणाला म्हणे. कमरेखालचं सगळं गेलं त्याचं. चौकशी झाली ती त्यानं दोर का बांधला नव्हता याची. जाळीचं कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

आता कायद्यातच आलंय — नकाशा काढणाऱ्यानं, बांधणाऱ्याच्या नि वर चढणाऱ्याच्या जिवाचा विचार आधी करायचा. सुप्यात त्यावर बैठक झाली. शेजारी बसलेला म्हणाला, हे आपल्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी मान डोलावली. पण मला सांगायला कायदा कशाला हवा होता? जाळीची ती रेघ ओढली तेव्हा ती कशासाठी, हे मला ठाऊक नव्हतं?

परवा पारनेरला पुतणीचा साखरपुडा झाला. जेवणानंतर बबननंच खुर्चीवरून हाक मारली, "दादा, माजा पडल्याला किस्सा सांग की! पाव्हन्यांनी ऐकला न्हाई."

सांगितला. शिडीचा कंटाळा, सगळं. पाहुणे पोट धरून हसले. बबन सगळ्यांत जास्त हसला, मग डोळे पुसत म्हणाला, "लई झ्याक सांगतो दादा. पन चूक माजीच हुती. पाय बघून टाकाया पायजे हुता. व्हय ना?"

मी म्हणालो, "व्हय."