दुसरीच्या कमरेचा फोटो

नातवंडांनो, फोनवर तुम्ही कमरेची चौकशी करता आणि मी "बरी आहे" म्हणून फोन ठेवते. आज नीट लिहिते.

आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. रोवणीच्या पहिल्या दिवशी धानाचं पहिलं रोप घरच्या बाईने चिखलात उतरून लावायचं. मगच मजूर बायका वाकतात. सासूबाईंनंतर ते मी लावत आले. मग कंबर धरली आणि दोन पावसाळे मी बांधावर खुर्ची टाकून बसले. रोप लावलं आपल्या कामवाल्या बाईने. तिसऱ्या वर्षी मला खुर्ची नको होती.

म्हणून एक्स-रे घेऊन फुलचूरच्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. सोबतीला तीच बाई. टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा होता, देवासारखा मांडलेला. फिजिओथेरपिस्टने फिल्म उजेडात धरली आणि सुस्कारा सोडला.

"माताजी, गाडी का शॉकअप जाता है ना? वैसे ही ये गद्दी घिस गई. इसीलिए दर्द है. अब झुकना बंद."

मी वहीत सगळं उतरवलं, आकृतीसुद्धा काढली. इंग्रजी शाळेची सवय.

दाराशी उकिडवी बसलेली बाई म्हणाली, "बाई, तो फोटू माहा होय. माह्या करदोड्याचा ताईत दिसून राहिला पाहा."

खरंच ताईत होता. ती गोठ्यात घसरली तेव्हा हाड मोडलं का ते पाहायला काढलेला एक्स-रे. लिफाफ्यांवर नावं मी सुवाच्य अक्षरात घातली होती. आत फिल्मची मात्र अदलाबदल. चूक माझीच. पण फिल्मच्या कोपऱ्यातलं नाव वाचायचं त्या विद्वानालाही सुचलं नाही.

तो तिच्याकडे वळला. "तो आपकी कमर दुखती होगी."

"मले? नाई बा. कालच धानाचं पोतं उचललं म्या."

"दुखेगी."

"मंग आता का, दुखन्याची वाट पाहून राहू?"

मी विचारलं, "आणि माझी फिल्म? ती घरी आहे."

"उसमें भी यही निकलेगा, माताजी."

कारण आधीच तयार होतं, कंबर कोणाचीही चालली असती. मी वही मिटली.

त्या रोवणीला मी चिखलात उतरले आणि वाकले. दुखलं, खोटं कशाला सांगू? मागून बाई ओरडली, "वाकडं लावून राहिल्या जी!"

रोप उपटून पुन्हा लावलं. म्हणजे दोनदा वाकले.