झाशीच्या अलीकडचा फाटा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, बहिणीच्या नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मध्येच बोलून मला थांबवणार नाही.

मी अबोल बाई. चौथी शिकलेली. लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, आमच्या सुनेला तोंडच नाही. सगळ्यांना ते आवडायचं. मला? मला कुणी विचारलंच नाही.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर इंजिनं दुरुस्त करायचे. एकाहत्तर साली लष्कराच्या लिलावात यांनी एक मोडकी ॲम्ब्युलन्स घेतली. तिला हिरवा रंग दिला, जखमी माणसांच्या बाकावर गादी घातली, स्टोव्हला कोपरा केला, भांडी पडू नयेत म्हणून फळीला पट्टी मारली. गल्लीतली पोरं तिला चाकांची खोली म्हणायची. पुढच्या वर्षी, पाऊस उघडल्यावर, त्या खोलीत बसून आम्ही दोघं निघालो. यांचे फौजेतले दोस्त ठिकठिकाणी होते, त्यांना भेटत भेटत पार झाशीपर्यंत जायचं.

एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती. यांना वाचता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत सही तेवढी यायची. म्हणून रस्त्यावरच्या पाट्या मी वाचायची, दोस्तांची पत्रं मी वाचायची, हिंदी असली तरी अक्षरं आपलीच, उत्तरं मीच लिहायची. चारचौघांत हे कागद हातात घेऊन उगीच मान हलवायचे, मग माझ्याकडे द्यायचे. "चष्मा ऱ्हायला घरी," म्हणायचे. चष्मा कधी नव्हताच.

कोपरगावला पहिला मुक्काम. तिथला दोस्त साखर कारखान्यात होता. त्याची बायको मला म्हणाली, "वहिनी, बोला की काहीतरी!" तर हे म्हणाले, "तिला नका छेडू. आठ वर्सांत आठ शब्द बोलली, त्यातले चार चहा पायजे का." सगळे हसले. मीही हसले.

पण खरं सांगू? त्या गाडीत मी बोलायची. धुळ्याच्या पुढे, इंदूरच्या पुढे — इतकी की हेच गप्प व्हायचे. सासू नाही, जावा नाही. स्वयंपाक माझा, दार माझं. एवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

इंदूर सोडल्यावर यांनी सांगितलं. झाशीच्या अलीकडे पिपरा गाव, तिथे लाखनसिंग. पासष्टच्या लढाईत जळत्या ट्रकमधून यांना ओढून काढताना त्याचा डावा हात गेला होता. यांनी त्याला शब्द दिला होता की भेटायला येईन. आता त्याने इंदूरच्या दोस्ताजवळ तोंडी निरोप ठेवला होता — इथेच राहा, दोघं मिळून पिठाची गिरणी टाकू, घर बांधायला जागा देतो.

"त्यानं तोंडावर इचारलं तर मला न्हाई म्हनता यायचं न्हाई," हे म्हणाले. "जीव दिलाय त्यानं."

मी विचारलं, "आन मी?"

"तू काय, तू कुटंबी ऱ्हाशील."

म्हणजे जन्मभर. तोंडावर पदर ओढून, तिकडची बोली तोंडात न बसता, माझ्या माणसांपासून कुठल्या कुठे. पिपऱ्याला पोचायला दोन दिवस राहिले होते. मी एक शब्द बोलले नाही. माझं तोंड नव्हतंच ना?

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटा आला. पाटी माझ्याच बाजूला होती — पिपरा, बाण, दोन मैल. आणि पाटीखाली खाट टाकून एक माणूस बसला होता. सदऱ्याची डावी बाही टाचलेली. आम्ही येतोय हे कार्ड इंदूरहून मीच लिहिलं होतं. हिरव्या गाडीची खूणही मीच लिहिली होती. गाडी पाहून तो उभा राहिला, हात वर करून काहीतरी ओरडला. हे उजवीकडून आडव्या आलेल्या म्हशी चुकवत होते.

"आली का गं पाटी?"

"न्हाई आजून," मी म्हणाले.

दुपारी झाशी आली. मग हे घाबरले. लोकांना विचारलं, तर त्या भागात पिपरे तीन निघाले. यांनी पत्र मला पुन्हा वाचायला लावलं, आणि मी पोस्टाचं नाव भलतंच वाचलं. दोन दिवस आम्ही भलत्या पिपऱ्यांत हिंडलो. पत्र दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तर तासाभरात पत्ता लागला असता. यांनी दाखवलं नाही. दाखवणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. यांची लाज मी हत्यारासारखी वापरली — आणि हे, तीच लाज सांभाळते म्हणून मला जपत होते.

आम्ही दुसऱ्या रस्त्याने परत आलो, तो रस्ताही मीच सांगितला. महिन्याने लाखनसिंगचं पत्र आलं. लिहिलं होतं, चार दिवस फाट्यावर बसलो. गाडी गेली, मी हात केला, तू थांबला नाहीस. माझं काही चुकलं असेल तर सांग.

मी वाचून दाखवलं ते असं — मी त्या दिवसांत गावात नव्हतो, कामाला बाहेर गेलो होतो, आता येऊ नका.

यांनी पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "बरं." उत्तर लिहायला सांगितलं नाही. लाखनसिंगचंही पुन्हा पत्र आलं नाही. कशाला येईल?

आता तुम्ही म्हणाल, बाई, पस्तावलीस की नाही? मला त्या माणसाचं वाईट वाटतं. रोज नाही, पण वाटतं. भिंगारला राहिले याचं मात्र वाटत नाही. इथे माझी मुलं झाली, इथे माझ्या बहिणी मला भेटायला आल्या. मी भ्याले होते, असं म्हणून सुटणार नाही. त्या सकाळी मी मुळीच भ्याले नव्हते. मला जायचं नव्हतं, आणि जायचं नाही हे सांगायची दुसरी जागा मला कुणी ठेवली नव्हती. तरी हात त्याने गमावला होता, मी नाही. हेही मला कळतं.

हे शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा एका दुपारी अचानक म्हणाले, "लाखननं खरंच तसं लिवलं हुतं का गं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सांगायला यापेक्षा बरी वेळ कोणती होती?

"व्हय," मी म्हणाले. आवाज कापला नाही.