वाटणीत राहून गेलेला देव

"सरकारनं गाव देल्लं, मॅडम. आता देव कोन देईन?"

रुकमाबाई माझ्या टेबलासमोर उभी होती आणि तिच्यामागं टोल्यातल्या आठदहा बाया. मी अहेरीकडच्या एका पंचायतीची ग्रामसेविका. बोअर, रस्ता, घरकुल यांची उत्तरं माझ्याकडं असतात. देवाचं नव्हतं.

टोला म्हणजे मूळ गावापासून लांब वसलेली वस्ती. या टोल्यानं ग्रामसभा घेऊन, हात वर करून ठरवलं, आमचं गाव वेगळं करा. कायद्यात तशी सोय आहे. मंजुरी आली, गुलाल उडाला आणि वाटणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. जंगलाची हद्द, तळं, लग्नात रांधायचे गंज, म्हणजे मोठी पातेलीसुद्धा वाटली. बांबूवरून दोन्हीकडचे असे भांडले की माझं डोकं उठलं, पण तेही निभलं.

मग मोहफुलं पडायला लागली.

इकडं पंडुम झाल्याशिवाय मोह वेचत नाहीत. पंडुम म्हणजे नवं फूल आधी देवाला देण्याचा सण. तो करतो गायता, म्हणजे पुजारी. देव आणि गायता दोघंही मोठ्या गावात राहिले. तिथल्या टोपल्या भरू लागल्या आणि टोल्यातला मोह झाडाखाली वाळत होता, गाईगुरं खात होती. बायांच्या घरची मीठमिरची त्यावर चालते. त्यांचा जीव तुटत होता.

मोठ्या गावाला विचारा की, मी म्हटलं. रुकमाबाईनं नाक उडवलं. वेगळं होऊन लगेच मागायला जायचं, तर वेगळं झालो कशाला? तिकडचे पाटील तर आणखी ताठ. वेगळं व्हायची हौस होती ना, मग देवही नवा आणा म्हणाले.

तालुक्याच्या साहेबांना फोन केला. त्यांना वाटलं देवस्थानच्या जमिनीचा वाद आहे.

"जमीन नाही सर, देवच."

"तुमच्या स्तरावर निकाली काढा," साहेब म्हणाले. हे वाक्य सगळ्या साहेबांना तोंडपाठ असतं.

शेवटी मी गायत्याकडंच गेले. चैतूभाऊ अंगणात दोरी वळत बसले होते. टोल्याचा पंडुम काऊन राहिला, विचारलं.

"मले कोनी बलावलंच नाई, बाई. सारे तुमच्याकडंच जाऊन राह्यले. मी का तहसीलीत बसतो?"

मला हसू आवरेना. भाऊही हसले. मग म्हणाले, "लहाना भाऊ वेगळा निंगते तं चूल वेगळी मांडते. देव मोठ्याच्याच घरी राह्यते. लहान्यानं कोंबडा घेऊन याचं, जेवून जाचं. त्यात मांगनं कायचं?"

ही रीत दोन्ही गावांत घरोघरी पाळतात. गावालाही ती लागू होईल हे भांडणाच्या नादात कुणाला सुचलं नव्हतं. मोठा भाऊ म्हटल्यावर पाटील विरघळले. मागायचं नाही, हक्कानं जायचं, म्हटल्यावर टोला उठला. दुसऱ्याच सकाळी कोंबडे घेऊन सगळे मोठ्या गावात आले, पंडुम झाला आणि दुपारी रुकमाबाई टोपली घेऊन झाडाखाली होती. मलाही जेवायला बसवलं. पोटभर जेवले आणि फार बरं वाटलं.

साहेबांनी विचारलं, वाटणी पूर्ण झाली का? मी म्हटलं, झाली सर, एक सोडून.

हात वर केला की गाव वेगळं होतं. त्यानंतर शेजारी म्हणून राहायचं तर उठून दुसऱ्याच्या अंगणात जावं लागतं. ते काम ग्रामसेविकेवर ढकलता येत नाही.