सुमाला मी पाठवलं नाही

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. माफ करा. शाळा म्हैसूरजवळच्या सरगूरला, कन्नड, चौथीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी घरी शिकवली. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी लिहिताना कुणीतरी मागून बघतंय असं वाटतं.

त्या दिवशी माझे हात पिठाने माखले होते. ज्यांच्याकडे मी स्वयंपाकाला होते त्या मॅडमनी हॉलमधून हाक मारली, "ताई, तशाच या बाहेर."

तशीच गेले. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधलं त्यांचं घर. हॉलभर माणसं, सगळी महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथं आलेली. मॅडम कॉलेजात शिकवतात. त्यांनी एका अमेरिकन बाईवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं, त्याचा कार्यक्रम होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ती बाई. शेतकऱ्याच्या घरातली. विद्यापीठाची अध्यक्ष झाली, जेव्हा त्या खुर्चीवर बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. टीव्हीवर तिचा फोटो होता. गळ्यापर्यंत बटणं, तोंडावर हसू नाही.

मॅडमनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पानाला पीठ लागलं.

"वाचा जरा. चौथी शिकलेली बाई काय करू शकते ते बघू दे सगळ्यांना."

वाचलं. आम्ही इथलेच मराठी, आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले. तेव्हापासून आमची मराठी कन्नडचा हेल घेऊन चालते. दुसऱ्या ओळीला एकजण हसला. मग सगळेच. एक बाई म्हणाली, "कित्ती गोड! परत वाचा ना."

मी परत वाचलं. भीतीने वाचलं.

सुमा, माझी मुलगी, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मदतीला मीच आणली होती. मॅडमनी तिला जवळ ओढलं. "हिच्या नर्सिंगची फी मी भरली आहे. उद्यापासून ही इथेच राहणार. सकाळी घरचं थोडं बघायचं, मग कॉलेज, संध्याकाळी स्वयंपाक. आईच्या डोक्यावरचा भार कमी."

टाळ्या.

मला कुणी विचारलं नव्हतं. फी मी उसनी घेतली होती, पगारातून कापायची असं ठरलं होतं. सुमा माझ्याकडे बघत होती.

चौथीनंतर मलाही असंच एका घरी ठेवलं होतं. शाळेत घालतो म्हणाले होते. पाचवीचं पुस्तक मी कधी उघडलं नाही. त्या घरात मी लग्नापर्यंत भांडी घासली.

स्वयंपाकघरात परत आले. पोळी लाटता येईना. बाहेर कुणीतरी विचारलं, "ही अमेरिकन बाई एवढी हुशार, तर मोठ्या कॉलेजात लगेच का गेली नाही?"

मॅडम म्हणाल्या, "बोलावलं होतं हो. तीच नाही म्हणाली. घरावर कर्ज होतं, ते आधी फेडायचं होतं."

एवढं बोलून त्या पुढच्या गोष्टीकडे वळल्या. मी वळले नाही. एवढी मोठी बाई. तिलाही कर्ज. आणि तिने नाही म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, सुमा येणार नाही."

त्यांना ऐकू गेलं नाही, इतका आवाज लहान. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"अहो ताई, काय नाकारताय कळतंय का तुम्हाला? आणि राहिलेले पैसे?"

"देते."

"कशातून?"

"देते, मॅडम."

मी ओट्याला धरून उभी होते.

रस्त्यात सुमा म्हणाली, "अय्यो अम्मा, हात बघ. मॅडमचं पीठ चोरून चाललीस काय?" तिने मला हसवायला म्हटलं. मी हात पदराला पुसले. तेवढंच बाकी होतं. चोरीचा आळ.

त्यानंतर रोज निघताना, कुणी न मागता, मी दारात पिशवी उघडून दाखवायची. मॅडम बघायच्या. नको कधी म्हणाल्या नाहीत. फोन वाजला की वाटायचं, कामावरून काढलं. काढलं तर फेडू कशी? म्हणून जात राहिले. घरी आल्यावर मी आणि सुमा अगरबत्त्या वळायचो. बोटं काळी व्हायची, धुऊन जायची नाहीत. मॅडम म्हणायच्या, "शी, त्या हातांनी कणीक मळू नका." मी मळायची. दुसरे हात नव्हते.

एक दिवस सुमा मला न्यायला आली आणि तिने मला दारात पिशवी उघडताना पाहिलं. पुढे येऊन तिने पिशवीची नाडी ओढली आणि गाठ मारली. त्या दिवसापासून मी ती उघडली नाही. भीती गेली नाही. पण पिशवी बंद राहिली.

आमच्या गल्लीतल्या बायकांची चीटी आहे, महाराष्ट्रात भिशी म्हणतात ती. अगरबत्तीचे पैसे मी त्यात टाकत होते. सगळ्यांचे नंबर लागून गेले, शेवटचा माझा लागला. पैसे पदरात बांधून गेले.

मॅडम म्हणाल्या, "अहो, एवढी काय घाई होती? मी मागितले होते का?"

"मोजा, मॅडम."

"विश्वास आहे हो माझा."

"मोजा."

त्यांनी मोजले. मी समोर उभी राहिले. मग म्हटलं, "उद्यापासून दुसरी बाई बघा. माझी मुलगी तुमच्याकडे राहणार नाही. तिची मुलगीही कुणाकडे राहणार नाही."

त्या म्हणाल्या, "पैसे बरोबर आहेत."

सगळे फिटले.