आयोवाची पुस्तकं आणि आमचे हे

"आजी, आजोबा वाचत नाहीयेत," नात फोनवर म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. रडू आलं नाही. यांचे कपडे घ्यायला मी सकाळीच साउथहॅम्प्टनहून लंडनजवळ पिनरला आमच्या घरी आले होते. मुलगा तिकडे हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून यांच्या हृदयाचं ऑपरेशन तिथेच केलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे सांगत होते. पण हे जेवत नव्हते, बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून होते. मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. सुनेनेही नाही.

शेजारच्या गुजराती बाईने गाडी काढली. माझा बेल्ट लावून देताना म्हणाली, "बेन, रो लो."

"गाडी चालव," मी म्हटलं.

मी डोळे मिटले. मी देवाचं नाव घेतेय असं तिला वाटलं असणार. तिने रेडिओही लावला नाही. मी आयोवात होते.

आयोवा म्हणजे अमेरिकेतलं एक राज्य, मक्याचं. तरुणपणी हे परभणीला शेतकीचं शिकत होते, तेव्हा तिथे जाऊन पुढे शिकायची संधी यांना आली होती. सासरे आजारी पडले आणि ती हुकली. मग आम्ही इंग्लंडला आलो आणि यांचं आयुष्य बिस्किटांच्या कारखान्यात गेलं. रिटायर झाल्यावर लायब्ररीत जायला लागले, आणि फक्त आयोवाची पुस्तकं आणायला लागले. दुसरं काही नाही. लेखक तिथे जन्मलेला हवा, नाहीतर तिथे राहिलेला, तेही नसेल तर निदान गोष्ट तिथली हवी. मी त्या पुस्तकांना ओवा म्हणायचे.

"आणला का ओवा?"

"आणलाय. आजचा पचायला जड आहे."

एकदा लायब्ररीतल्या बाईने यांना अशा एका लेखकाचं पुस्तक दिलं, जो आयोवात थोडे दिवस शिकवून निघून गेला होता. हे घरी येऊन कुरकुरायला लागले, "हा कसला तिथला?"

"मग आपण कुठले?" मी विचारलं. यांनी आणखी थोडी कुरकुर केली. पुस्तक मात्र वाचलं.

मी चौथी शिकलेली. माझं इंग्रजी दुकानापुरतं. दुपारी जेवणं झाली की हे वाचायचे आणि मला मराठीतून सांगायचे. मी कोचावर आडवी. अर्धं कानात जायचं, अर्धं झोपेत. झोपेत आमच्या रस्त्यावर मका उगवायचा. लाल पोस्टाच्या पेटीला वेढून वर जायचा, बसच्या काचांना त्याची पानं घासायची. माझे सासरे मुंडासं बांधून त्यातून चालत यायचे आणि एकेक कणीस दाबून बघायचे. मी आयोवाला कधी गेले नाही, पण तिथली कोठारं, पवनचक्क्या, स्वयंपाकघरातल्या लोखंडी शेगड्या मला माहेरापेक्षा नीट आठवतात.

शेवटचं पुस्तक अर्धंच राहिलं होतं. त्यात एक शेतकऱ्याची बायको होती, तोंडाने फटकळ. नवरा गावाला गेलेला आणि बर्फाचं वादळ सुटलेलं. गाईची धार काढायला जायचं म्हणून तिने घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता. गोठ्यातून परत येताना तो दोर दाराकडून तुटला. घर समोरच असणार, पण दिसत नव्हतं. तिथे हे थांबले. "उद्या सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी यांच्या छातीत कळ आली.

आता गाडीत मी त्या बाईशेजारी उभी होते. सगळीकडे पांढरं. मोटरवेचा आवाज वाऱ्यासारखा येत होता. दोराचं टोक तिच्या हातात, ती हलत नव्हती, मीही हलत नव्हते. मला वाटलं, हिचं पुढे काय झालं ते आता मला कोण सांगणार? नवरा गेल्यावर माणसाच्या डोक्यात काय येईल ते सांगता येत नाही. माझ्या डोक्यात हे आलं.

वॉर्डात पोचले तर हे उशीला टेकून बसलेले, भिंतीकडे बघत. नात शेजारच्या खुर्चीत.

"बघ ना आजी," ती म्हणाली. "मी सकाळी दिलेली बुक तशीच पडलीय. मी सांगितलं ना, आजोबा वाचत नाहीत."

मी पलंगाची दांडी धरली. "म्हणजे काय?"

"रीडिंग. ते रीडिंग करत नाहीत."

"मग रीडिंग म्हणायचं."

"तूच म्हणतेस, मराठीत बोल."

दारातली शेजारीण हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला हसू आलं नाही. तेवढ्यात ड्यूटीवरून आलेल्या मुलाने मला बाहेर नेलं. "आई, हार्ट ठीक आहे," तो म्हणाला. "पण बाबांनी मनातून सोडलंय. असंच राहिले तर..." मला कळलं. पोरीचं मराठी फारसं चुकलेलं नव्हतं.

मी आत आले. यांच्या नाकावर चष्मा ठेवला, हातात ते अर्धं राहिलेलं पुस्तक दिलं.

"वाचा."

"कशाला?" बऱ्याच दिवसांनी मला यांचा आवाज ऐकू आला.

"ती दोर धरून उभी आहे. इथे येईपर्यंत मीही तिच्याबरोबर उभी होते. गार पडलेय मी."

हे माझ्याकडे बघत राहिले. "मला वाटायचं तू झोपतेस."

"झोपेतच ऐकते. वाचा."

पान सापडायला वेळ लागला. आवाज घोगरा झाला होता. दोन-चार ओळी झाल्या आणि दमले. मी सूप पुढे केलं. "आधी हे, मग ओवा." त्या दिवसापासून तोच नियम झाला. खाल्लं तर पान. नात पलंगावर पाय घेऊन बसायची, इंग्रजीतून एकदा आणि मराठीतून एकदा ऐकायची. खिडकीबाहेर बंदराच्या क्रेन दिसायच्या. मला त्या मक्याच्या ताटांसारख्या वाटायच्या, वाऱ्यात न हलणाऱ्या.

पुस्तक संपलं त्याच आठवड्यात यांना घरी सोडलं.

ती बाई स्वतःच्या दारापासून हाताच्या अंतरावर बर्फात मेली. हे वाचले.